स्फुरद : पोत्यावरचे, पानातले आणि रक्तातले

बेळगाव शहराच्या उत्तर अंगास बाजार समितीचे आवार मागे टाकले की कंग्राळीची वाट लागते. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द अशी ही जोडगावे. जवळूनच मार्कंडेय नदी वाहते, आणि शहराने कितीही हातपाय पसरले तरी भाताची खाचरे, भाजीचे मळे आणि दारातली म्हैस यांनी गावाचे गावपण अद्याप राखून ठेवले आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तेथील एका आप्तांच्या घरी दोन दिवस मुक्काम करण्याचा योग आम्हांस आला. घरातील वडीलधाऱ्यांना सारे आबा म्हणतात. येथे आम्हीही तेवढेच म्हणू. तरुणपणी तालमीत घुमलेला तो देह. परंतु मधुमेह आणि रक्तदाब यांनी मूत्रपिंडे निकामी केल्यामुळे गेली दोन वर्षे आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी शहरात न्यावे लागते.

त्या सायंकाळी रक्ततपासणीचा कागद घरात हातोहात फिरत होता. त्यात ‘फॉस्फरस’ या शब्दापुढे ७.१ हा आकडा होता आणि त्याभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढलेले होते.

‘‘ह्ये फॉस्फरस म्हंजे काय असतंय?’’ आबांनी विचारले.

कन्नड माध्यमात शिकणारी नात पुढे सरसावली. ‘‘आमच्या शाळेत त्याला रंजक म्हणतात, आजोबा.’’ त्यावर शेती पाहणारा मुलगा म्हणाला, ‘‘आबा, आपलं स्फुरद की हो! खताच्या पोत्यातलं.’’

आबा हसले. ‘‘जन्मभर शेताला घातलं, आता माझ्याच अंगात साठलं म्हणायचं!’’

सारे हसले, पण सूनबाई हसल्या नाहीत. रात्री झाकपाक करताना त्यांनी आम्हांस हळूच विचारले, ‘‘मामंजींना ताकद यावी म्हणून रोज म्हशीचं घट्ट दूध देतो. सणावाराला कुंदा होतो. त्यानंच हे झालं व्हय?’’ ज्या हातांनी सेवा केली, त्याच हातांनी अपाय झाला की काय, ही शंका माणसाला आतून पोखरते. त्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री आम्ही जमेल तसे दिले. तेच येथे सविस्तर मांडीत आहोत. कारण असे पोट जाळणारे प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनेक घरांत आज उभे असतील.

एक मूलद्रव्य, तीन नावे

सीमाभागातील घरात एका वस्तूला तीन नावे असणे नवलाचे नाही. नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी मराठी शेतकऱ्याच्या जिभेवर असते. कन्नडमध्ये त्याच स्फुरदाला रंजक म्हणतात. जुन्या मराठीत तोफेच्या कान्यावर घालावयाच्या दारूला रंजक म्हणत, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावातील आगीचा संबंध उलगडतो. फॉस्फरस या ग्रीक मूळ असलेल्या नावाचा अर्थ ‘प्रकाश वाहून आणणारा’. आणि आपल्या ‘स्फुरद’मध्येही चमकण्याचाच भाव आहे.

इ. स. १६६९ मध्ये जर्मनीतील हँबर्ग शहरी हेनिंग ब्रांट नावाचा एक किमयागार मूत्रापासून सोने करण्याच्या खटपटीत होता. मूत्र आटवून व तापवून त्याच्या हाती सोने आले नाही. अंधारात फिकट हिरवट उजेड देणारा, मेणासारखा एक पदार्थ मात्र आला. तोच फॉस्फरस. पुढे सुमारे शंभर वर्षांनी गान आणि शेले या स्वीडिश रसायनज्ञांनी हाडांतही तोच आहे हे दाखविले. म्हणजे या मूलद्रव्याची पहिली ओळख जगाला माणसाच्या शरीरातूनच झाली, आणि तीही नेमकी ज्या वाटेने शरीर त्याचा जादा साठा बाहेर टाकते, त्या वाटेने. आबांची ती वाट बंद झाली आहे. त्यांच्या दुखण्याचे मर्म एवढ्यात आले.

दगडापासून हाडापर्यंत

कंग्राळीच्या शेतकऱ्याला पोत्यातून स्फुरद का घालावे लागते? बेळगावच्या पश्चिम पट्ट्यातील तांबड्या, जांभ्या जातीच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम विपुल असते. ही द्रव्ये स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात आणि पिकाच्या मुळांना ते सहजी मिळू देत नाहीत. म्हणून पूर्वी शेणखत आणि हाडांचा चुरा, आणि आता डी. ए. पी. अथवा सुपर फॉस्फेट ही खते घालावी लागतात. ही खते मुळात खडकापासून होतात. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा येथे अशा खडकाची मोठी खाण आहे. तरीही आपल्या देशाची बरीचशी गरज परदेशांतून आणलेल्या मालावर भागते.

शेतात आलेले स्फुरद रोप आपल्या बियांत साठविते. कारण उद्याच्या अंकुराची ती शिदोरी असते. म्हणूनच पालेभाजीपेक्षा धान्य, कडधान्य आणि तेलबिया यांत ते पुष्कळ अधिक आढळते. शंभर ग्रॅम बटाट्यात ते सुमारे ४० मिलिग्रॅम आणि रताळ्यात ५० मिलिग्रॅम असते. पण तेवढ्याच मसुरीत ते तीनशेच्या घरात, शेंगदाण्यात साडेतीनशेच्या आसपास आणि तिळात पाचशेहून अधिक असते. नाचणीतही ते दोनशेहून अधिक आहे. तांदूळ जसजसा सडून पांढरा करावा तसतसे कोंड्याबरोबर ते निघून जाते. दुधात ते अर्थातच आहे : शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे ९० आणि म्हशीच्या दुधात सुमारे १३० मिलिग्रॅम.

आता शरीरातील हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला शेकडा ८५ भाग हाडे आणि दात यांत कॅल्शियमच्या जोडीने बसलेला असतो. कॅल्शियमचे कौतुक आपण नेहमी करतो. परंतु हाडाचा कठीण भाग हे या दोघांचे संयुक्त बांधकाम होय. उरलेला बहुतेक फॉस्फरस स्नायू आणि इतर अवयवांत असतो. रक्तात व पेशींबाहेरील द्रवात येतो तो शेकडा एकाच्या आसपास. आणि डॉक्टर मोजतात तो यातलाच अंश.

हा अंश थोडा असला तरी देहाचा एकही व्यवहार फॉस्फरसावाचून चालत नाही. प्रत्येक पेशीचे आवरण स्फुरदयुक्त स्निग्ध द्रव्यांचे असते. आईबापांचे गुण लेकरांत उतरविणारे डी. एन. ए. ज्या साखळीने विणलेले असते, तिच्या दर कडीत फॉस्फेट आहे. स्नायूला आखडावयाचे असो वा हृदयाला ठोका द्यावयाचा असो, त्यासाठी लागणारी शक्ती ए. टी. पी. नावाच्या फॉस्फेटयुक्त द्रव्यातून मिळते. हे द्रव्य एका वेळी शरीरात थोडेच असते. मात्र ते क्षणोक्षणी मोडते आणि पुन्हा घडते. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पहिलवानाची रग ती हीच.

दोन भारतीय नावे

ए. टी. पी.चा शोध १९२९ मध्ये लागला. जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. त्याआधी १९२५ मध्ये फिस्के आणि सुब्बाराव यांनी रक्तातील व मूत्रातील फॉस्फरस मोजण्याची एक सुलभ रीत प्रसिद्ध केली होती. ती दोघांच्या नावाने जगभर प्रयोगशाळांत रूढ झाली, आणि त्यांनी ज्या मॉलिब्डेटच्या रसायनाचा आधार घेतला, त्याच्याच आधारे आजही ही तपासणी होते. आबांच्या हातातील कागदावरचा तो आकडा अशा रीतीने एका भारतीयाच्या प्रतिभेचा ऋणी आहे.

दुसरे नाव मराठी आहे. डॉ. व्ही. एन. पटवर्धन पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. धान्यातील फॉस्फरसचा मोठा भाग फायटेट या रूपात बांधलेला असतो. हे कुलूप असे आहे की त्यात फॉस्फरस तर अडकतोच, पण लोह, जस्त आणि कॅल्शियम यांनाही ते अडवून धरते. १९३७ मध्ये पटवर्धनांनी उंदरांच्या आतड्यात हे कुलूप उघडणारे विकर असल्याचे दाखविले. माणसाच्या आतड्यात मात्र ते फार थोडे. म्हणून आपल्याला ते काम पोटात जाण्यापूर्वी, स्वयंपाकघरातच उरकून घ्यावे लागते.

आणि आमच्या आज्या-पणज्या ते उरकीतच होत्या. यल्लम्माच्या भक्तांच्या घरी जिला मान आहे ती आंबील, नाचणीचे सत्त्व, मोड आणून केलेली उसळ, रात्रभर आंबविलेले पीठ : या साऱ्यांत धान्यातीलच विकरे आणि आंबविणारे सूक्ष्म जीव हे कुलूप बऱ्याच अंशी उघडतात. मोड आलेल्या नाचणीची आंबील वाढत्या मुलाला आणि बाळंतिणीला अंगी का लागते, याचे एक कारण हे आहे. त्या माउलींना फायटेट ठाऊक नव्हते. पण काय पचते आणि काय अंगी लागते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखले होते.

उणे कोणाला पडते?

अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने १९९७ मध्ये प्रौढांसाठी रोजचा ७०० मिलिग्रॅम फॉस्फरस पुरेसा ठरविला आणि नऊ ते अठरा वर्षांच्या वाढत्या मुलामुलींसाठी १,२५० मिलिग्रॅम. दोन वेळ भाकरी, भात, आमटी आणि थोडे दूध-ताक ज्याच्या पोटात जाते त्याला पहिला आकडा गाठण्यास विशेष खटपट करावी लागत नाही. म्हणून ‘फॉस्फरस’चे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक बाटल्यांमागे निरोगी माणसाने धावण्याचे कारण नाही. एके काळी असल्या बाटल्या घरोघरी असत. मासे खाल्ले की फॉस्फरसमुळे बुद्धी तल्लख होते, ही समजूतही अशीच जुनी. मासे चांगले अन्न आहे यात शंका नाही. पण बुद्धीसाठी फॉस्फरस कमी पडतो असे भाकरी-आमटी खाणाऱ्याच्या घरी होत नाही.

तरीही काही प्रसंगी तो खरोखर उणा पडतो, आणि ते प्रसंग ठाऊक असणे हिताचे आहे. पहिला, दीर्घ उपासमारीनंतरचा. बरेच दिवस अन्नावाचून राहिलेल्या माणसाने एकदम भरपेट, विशेषतः गोडधोड आणि पिष्टमय खाल्ले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढला जातो. श्वासाचे स्नायू आणि हृदय दुबळे पडतात, प्रसंगी प्राणावर बेतते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी बंदिवानांना पोटभर अन्न मिळताच त्यांच्यापैकी काही दगावले, ते याच प्रकारे. निपाणी-बेळगावच्या बाजूला कडक उपवासांची धार्मिक परंपरा मोठी आहे. दीर्घ उपवासाचे पारणे थोड्या थोड्या, हलक्या अन्नाने करण्याचा जुना रिवाज शहाणपणाचा आहे. आणि उपवास लांबलेला असेल, वय झालेले असेल वा प्रकृती अगोदरच क्षीण असेल, तर पारण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांच्या अंगीही ही उणीव आढळते.

दुसरा प्रसंग आम्लपित्तावरील ॲल्युमिनियमयुक्त औषधे महिनोन्‌महिने आपल्याच मनाने घेत राहण्याचा. ती औषधे आतड्यात फॉस्फेट बांधून टाकतात. तिसरा, विरळ पण विसरू नये असा, मुलांचा. मूल चालू लागल्यावर पाय बाकदार होत असतील आणि ‘ड’ जीवनसत्त्व देऊनही सुधारणा नसेल, तर मूत्रपिंडांतून फॉस्फेट गळण्याचा आनुवंशिक विकार असू शकतो. आज त्यावर उपचार आहेत. अशा मुलाचा रक्तातील फॉस्फरस मोजून घ्यावा.

तान्हे बाळ आणि म्हशीचे दूध

फॉस्फरस जास्त होण्याने ज्यांना बाधा होते त्यांत पहिले तान्हे बाळ. गाईच्या दुधात मातेच्या दुधाच्या सुमारे सहापट फॉस्फरस असतो. म्हशीच्या दुधात त्याहूनही अधिक. नवजात अर्भकाची मूत्रपिंडे एवढा भार उपसू शकत नाहीत. रक्तात फॉस्फरस चढला की कॅल्शियम उतरते, आणि बाळाला झटके येऊ शकतात. दूध पातळ करून पाजले तर पोषणच उणे पडते. ‘घरची म्हैस आहे, बाळाला काय कमी’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ आज्यांना आमची विनंती आहे की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध मिळू द्यावे. ते शक्य नसेल तर डॉक्टर सांगतील ते द्यावे. म्हशीचा पेला त्या बाळाच्या आईला द्यावा. तो तिच्याकडून योग्य रूपात बाळापर्यंत पोहोचेल.

आबांच्या रक्तात काय झाले?

आता सूनबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. निरोगी माणसाच्या रक्तात शंभर मिलिलिटर द्रवामागे सुमारे अडीच ते साडेचार मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. खाण्यात जास्त आला की मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. मूत्रपिंडे थकू लागली की प्रथम हाडांतून निघणारे एक संप्रेरक आणि मानेतील परावटु ग्रंथी त्यांना हाकारून काम करून घेतात. म्हणून पुष्कळ काळ रक्तातला आकडा बिघडलेला दिसत नाही. पुढे तोही उपाय थकतो. ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढू लागतात, हाडे ठिसूळ होतात, अंगाला रात्रंदिवस खाज सुटते. आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर हाडात बसावयाचा चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आणि हृदयाच्या झडपांत बसू लागतो. आबांच्या पाठीवर नखांचे ओरखडे आम्ही पाहिले होते. ती खाज त्वचेची नसून रक्ताची आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. खोबरेल तेलाच्या कितीएक बाटल्या संपल्या होत्या.

डायलिसिसने हे सारे धुऊन निघत नाही का? ढोबळ हिशेब असा. रोजच्या जेवणात १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस आला आणि त्यातला ६०० अंगी शोषला गेला, तर आठवड्याचे ४,२०० होतात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम निघतो. तीन वेळचे २,४०० झाले. मागे उरतात १,८०० मिलिग्रॅम, आणि ही बाकी दर आठवड्यास चढत जाते. जमाखर्च न जुळणारे दुकान जसे बुडते, तसाच हा प्रकार आहे.

ही बाकी फेडण्याचे मार्ग दोन : आत येणारे कमी करणे, आणि आलेले आतड्यातच बांधून टाकणे. दुसऱ्या कामासाठी डॉक्टर कॅल्शियम ॲसिटेट, सेव्हेलॅमर अशा गोळ्या देतात. आबांच्या घरीही त्या होत्या. परंतु ‘रात्री झोपताना घ्यावयाच्या ताकदीच्या गोळ्या’ अशी समजूत झाल्यामुळे त्या जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटी घेतल्या जात. अन्नातला फॉस्फेट बांधावयाचा तर गोळी अन्नासोबतच पोटात असली पाहिजे. आमच्या मते त्या घरातील सर्वांत मोठी चूक दुधाची नव्हती. या वेळेची होती. या एका चुकीच्या दुरुस्तीस खर्च काहीच नव्हता.

पानात काय असावे?

येथे एक धोक्याची सूचना. फॉस्फरस बहुधा प्रथिनांच्या सोबतीने येतो, आणि डायलिसिसवरील माणसाला प्रथिने इतरांपेक्षा जास्तच लागतात. म्हणून भीतीपोटी त्याला नुसत्या पेजेवर ठेवणे हा दुसरा अपाय होय. प्रश्न निवडीचा आहे. धान्य-कडधान्यातील फॉस्फरस फायटेटच्या कुलपात असल्याने त्याचा निम्म्याहूनही कमी भाग शोषला जातो. दूध, मांस, मासळी यांतील निम्मा वा त्याहून अधिक शोषला जातो. आणि कारखान्यात अन्नाला टिकविण्यासाठी, फुगविण्यासाठी वा चव आणण्यासाठी जी फॉस्फेट घालतात, ती जवळजवळ सारीच्या सारी रक्तात उतरतात. तेव्हा पहिली कुऱ्हाड चालवावयाची ती यांच्यावर : काळी शीतपेये, प्रक्रिया केलेले चीज, पाकीटबंद मांस आणि झटपट होणारे पाकिटातले पदार्थ. पाकिटावर फॉस्फरस किती हे बहुधा छापलेले नसते. पण घटकांच्या यादीत ३३८ ते ३४३ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक, अथवा ‘फॉस्फेट’ हा शब्द दिसला की समजावे. आबांचा नातू प्रेमाने त्यांच्यासाठी शीतपेयाची बाटली आणीत असे. ‘थंड आहे, खाज शमेल’ असा त्याचा भाबडा हिशेब होता.

दुसरा क्रम आटविलेल्या दुधाचा. बेळगावच्या कुंद्याची ख्याती आम्ही सांगावयास नको. परंतु दूध आटले की त्यातले पाणी जाते आणि फॉस्फरस राहतो. शंभर ग्रॅम खव्यात तो चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे अशा रुग्णाच्या दिवसभराच्या मर्यादेचा, जी सामान्यतः ८०० ते १,००० मिलिग्रॅम ठेवतात, जवळजवळ निम्मा वाटा एका वाटीत संपतो. सणाला बोटभर कुंदा गोळीसह जिभेला लावावा. वाटी मात्र नातवंडांपुढे सरकवावी. दुधाचे प्रमाण डॉक्टर व आहारतज्ज्ञ ठरवितील तेवढेच ठेवावे. ज्यांना अंडे चालते त्यांनी पांढरा भाग घ्यावा. त्यात उत्तम प्रथिन आहे आणि फॉस्फरस नगण्य. बलक वगळावा. डाळी आणि भाज्या भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकल्यास फॉस्फरस काही अंशी उतरतो. या रुग्णांना ज्याची तितकीच भीती असते ते पोटॅशियमही बरेच निघून जाते. बेळगावकडच्या बटाट्या-रताळ्यांच्या बाबतीत ही रीत विशेष ध्यानात ठेवावी. मोड आणलेली, आंबविलेली नाचणी बालकाला अमृत. परंतु तिचे कुलूप उघडलेले असल्याने आबांना ती मोजूनच द्यावी लागते.

आणि ज्यांची मूत्रपिंडे आज ठीक आहेत, पण घरात मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे. आबांना पहिली सूचना अनेक वर्षांपूर्वी मिळाली असती. त्या वेळी कोणी तपासले नाही, आणि आबांनीही ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून टाळले.

विषारी रूप

हेच मूलद्रव्य शुद्ध पांढऱ्या वा पिवळ्या रूपात जहाल विष आहे. एकोणिसाव्या शतकात पांढऱ्या फॉस्फरसच्या आगकाड्या करणाऱ्या कामगारांचे, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलींचे जबडे सडत. लंडनमधील काडेपेटी कारखान्यातील मुलींनी १८८८ मध्ये केलेल्या संपामुळे त्या कामगारांच्या हालअपेष्टांकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्या देशात १९१३ च्या कायद्याने अशा काड्यांवर बंदी आली. आजच्या काडेपेटीच्या बाजूवर लागतो तो तांबडा फॉस्फरस. तो त्या मानाने निरुपद्रवी. परंतु उंदीर मारण्याच्या काही लेपांत पिवळा फॉस्फरस असतो. नळीत असल्याने तो दंतमंजनाच्या लेपासारखा दिसतो आणि अजाण हातांनी घोटाळा होतो. हे विष पोटात गेल्यावर थोडे दिवस बरे वाटते आणि मग यकृत निकामी होते. तेव्हा ‘आता बरे आहे’ म्हणून घरी थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. असली नळी घरात न ठेवणेच उत्तम.

पुन्हा कंग्राळी

मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी जेवणघराच्या भिंतीवर एक कागद चिकटविला. गोळी कोणत्या घासाबरोबर, दूध किती, डाळ कशी शिजवावयाची, हे त्यांनी मराठीत लिहिले. नातीने खाली कन्नडमध्ये ‘रंजक’ असे मथळ्यासारखे लिहून दिले. अर्थात डायलिसिसच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना तो कागद दाखवून त्यांच्याकडून दोन दुरुस्त्याही करून आणल्या. आम्ही सूनबाईंना एवढेच म्हणालो, की तुम्ही केले ते अज्ञानाने केले असेल, पण अपराध म्हणून त्याचे ओझे वाहू नका. निरोगी माणसाला जे पोषक तेच तुम्ही वाढीत होता. घर एक असले तरी प्रत्येकाचे पान आता वेगळे मांडावयाचे आहे, एवढाच फरक.

चार महिन्यांनी त्यांचा दूरध्वनी आला. आकडा ५.२ वर उतरला होता. आबांना रात्री खाजेने उठावे लागत नव्हते. नातवाच्या पेल्यातले दूध मात्र होते तेवढेच ठेवले आहे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. मग फोन आबांनी घेतला. सुगी आटोपली होती, भात घरात आला होता. ‘‘यंदा शेताला स्फुरद पोरानं घातलं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि माझं सूनबाई मोजती.’’